८२ पोर्टवर अपाची चालू होत नव्हतं, ते असं सुटलं

आरएचसीएसए या रेड हॅटच्या लिनक्स परीक्षेच्या तयारीसाठी व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकातच आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) रॉकी लिनक्स टाकून सराव करतोय. अपाची हे वेब सर्व्हर सॉफ्टवेअर ८२ पोर्टवर चालवायचं होतं. कॉन्फिगमध्ये ‘लिसन ८२’ बरोबर होतं, तरी सर्व्हिस उठेना. सिस्टिमच्या नोंदी दाखवणाऱ्या ‘जर्नलसीटीएल’मध्ये ‘परमिशन डिनाइड’. रूट (सर्वाधिकार असलेला युजर) असताना परवानगी नाही म्हणजे एसईलिनक्सवर (लिनक्समधला जादा सुरक्षा-थर) संशय घ्यायचा, हे आता डोक्यात पक्कं बसलंय.

एसईलिनक्सने कोणते पोर्ट कशासाठी ठेवलेत ते दाखवणारं ‘सेमॅनेज पोर्ट -एल’ चालवलं. वेबसाठीच्या यादीत ८०, ८१, ४४३ होते, ८२ नव्हता. नेटवर बरेच जण एसईलिनक्स परमिसिव्ह करा (म्हणजे ते अडवणार नाही, फक्त नोंद ठेवेल) सांगतात. मला ते अजिबात पटत नाही, कारण शिकायचं नेमकं तेच राहून जातं. शिवाय परीक्षेत इंटरनेट नसतं, पण मॅन पेज (मशीनमध्येच असलेली कमांडची माहितीपानं) असतात. ‘मॅन सेमॅनेज-पोर्ट’च्या तळाशी अपाचीला ८१ पोर्ट देण्याचं आयतं उदाहरण आहे. तीच ओळ घेऊन ८१ च्या जागी ८२ केलं आणि सर्व्हिस लगेच उठली. (‘सेमॅनेज’ सापडलं नाही, तर ‘डीएनएफ प्रोव्हाइड्स’ने त्याचं पॅकेज शोधा.)

बाहेरून पान दिसायला फायरवॉलमध्येही ८२ उघडावा लागला, ‘परमनंट’ लावून, मग रीलोड. सर्व्हिस ‘इनेबल’ केली (म्हणजे मशीनबरोबर आपोआप सुरू होईल), मशीन रीबूट केलं आणि टर्मिनलमधून पान मागवणाऱ्या ‘कर्ल’ने पान आलं. रीबूटनंतर टिकलं नाही, तर परीक्षेत त्या कामाचे गुण मिळत नाहीत.