पोरगं शाळेत यायचं थांबलं की

दर शुक्रवारी दुपारी खिचडीची भांडी घासायला गेली की मी वर्गशिक्षकांकडून हजेरीपट मागून घेते. खाडे किती पडले हे तर बघतेच, पण कोणत्या वारी पडले ते जास्त बघते. आठवडी बाजारादिवशी न येणारी पोरगी घरी धाकट्याला सांभाळत असते, आई भाजीची पाटी घेऊन बाजाराला गेलेली असते. महिन्यातले ठरावीक तीन-चार दिवस गायब असणाऱ्या मुलीच्या घरी जायची घाई करू नका. आधी शाळेतल्या मुलींच्या संडासाला आतून कडी लागते का आणि नळाला पाणी आहे का, ते बघून या. फेब्रुवारी-मार्चात तुटक तुटक येणारं पोरगं बेदाण्याच्या शेडवर सापडतं. आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर जे आलंच नाही, ते ऊसतोडीला गेलं. हजेरीपट असा वाचता यायला लागला की निम्मं काम घरी जायच्या आधीच होतं.

मी सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका माध्यमिक शाळेत समाजकार्यकर्ती म्हणून अकरा वर्षं काम करते. गावात मला 'फॉर्मवाल्या बाई' म्हणतात, आणि ते काही चूक नाही. आमच्या भागात अशी पदं बोटावर मोजण्याइतकी. बहुतेक शाळांत हे काम वर्गशिक्षकाच्या गळ्यात पडतं, तेही शिकवणं, परीक्षा आणि ऑनलाइन माहिती भरणं सांभाळून. त्यामुळं हे नव्या समाजकार्यकर्त्यांसाठी आहे तसंच त्या वर्गशिक्षकांसाठीही आहे.

घरी कधी जायचं? दुपारी अजिबात नको, कुलूप असतं. संध्याकाळी सहानंतर, बाई रानातनं येऊन चूल पेटवते तेव्हा. निरोप वर्गातल्या दुसऱ्या पोराकडं द्यायचा नाही, नाहीतर सकाळपर्यंत गल्लीभर होतं की अमक्याच्या घरी बाई येणार. मी स्कूटी देवळापाशी लावते आणि चालत जाते. हातात फाइल नाही, गळ्यात ओळखपत्र नाही. चहा दिला तर घ्यायचा. बिनदुधाचा असला तरी घ्यायचा, आणि बिनदुधाचा का, हे विचारायचं नाही. ते तुम्हाला कळलेलं असतंच.

पहिल्या वर्षी मी घरभेटीचा छापील फॉर्म घेऊन गेले होते. अंगणात उभी राहून मोठ्यानं प्रश्न वाचत होते: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न, व्यसन आहे का, कर्ज किती. शेजारच्या दोघी कुंपणाला येऊन टेकल्या. मुलगा लिंबाच्या झाडामागं उभा होता, मला त्याची फक्त चप्पल दिसत होती. तो पुढचे तीन आठवडे शाळेत आला नाही, आणि या वेळी कारण मी होते. तेव्हापासून फॉर्म घरी येऊन भरते. तिथं गेल्यावर म्हशीचं विचारते, पाणी किती दिवसांनी येतं ते विचारते, आजीच्या गुडघ्याचं विचारते. 'पोरगं शाळेला का येत न्हाई' हा प्रश्न मी विचारायचा सोडलाय. त्याचं उत्तर बाई स्वतःच देते, बहुतेक वेळा मी उठून चप्पल घालत असताना. म्हणून उठायची घाई करू नका, पण उठायचं मात्र जरूर.

हे काम जगात सुरू झालं तेही घरभेटीतूनच. 1906-07 च्या सुमारास अमेरिकेत न्यूयॉर्क, बोस्टन आणि हार्टफर्ड या शहरांत मुलांच्या घरी जाण्यासाठी बाया नेमल्या गेल्या. त्यांना 'भेट देणाऱ्या शिक्षिका' म्हणत. चहाचं त्यांचं काय व्हायचं, ते पुस्तकात लिहिलेलं नाही.

शाळेत पोराशी बोलायचं तर स्पीकरवरून नाव पुकारून ऑफिसात बोलवू नका. मी तिघांना बोलावते, लायब्ररीतली पुस्तकं मोजायला. दोघांना अर्ध्या तासानं 'जावा आता' म्हणते. तिसरा मोजत राहतो आणि मोजता मोजता बोलतो. हात कामात असले की आमच्याकडची पोरं बोलतात, समोरासमोर खुर्चीत बसवलं की 'कायी न्हाई बाई' एवढंच. वह्या, गणवेश, सहलीचे पैसे द्यायचे तेही असंच, गुपचूप. प्रार्थनेच्या वेळी देणगीदाराबरोबर फोटो काढायचा असेल तर मुख्याध्यापकांशी भांडा. मी दोनदा भांडलेय. एकदा हरले.

आता कागद. मी या कामातला सगळ्यात जास्त वेळ त्यांच्यावर घालवते, म्हणून इथंही जरा थांबते.

आमच्या विटा-आटपाडी-तासगाव पट्ट्यातली माणसं गलाईला, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला, देशभर गेलेली आहेत. कुठल्याही राज्याच्या सराफ बाजारात बघा, एखादं दुकान विटेकराचं निघेल. सातवीतल्या एका मुलाचे वडील तामिळनाडूत अशाच दुकानात कामाला होते, तिथंच गेले. अंत्यविधी तिकडंच झाला. आई सासरी राहिली, बेदाणा शेडवर जायला लागली, आणि मुलगा आठवडेच्या आठवडे गायब.

चौथ्या भेटीत बाईनं साखरेचा डबा उघडून प्लॅस्टिकच्या पिशवीतला मृत्यूचा दाखला काढला. मृत्यूची नोंद जिथं मृत्यू झाला तिथंच होते, त्यामुळं दाखला तिकडच्या नगरपालिकेचा. त्यावर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग एक, आधारवर दुसरं, रेशनकार्डावर तिसरंच. अशा दाखल्यावर इथं काहीही मंजूर होत नाही. मी म्हटलं, "दुरुस्त करून घेऊ." बाई म्हणाली, "आमच्या माणसाचं मरण दाखवून पैसं मागायचं व्हय ओ बाई?"

या वाक्याला उत्तर तयार ठेवा, कारण ते प्रत्येक घरात येतं. मी सांगितलं, "बाल संगोपन या सरकारी योजनेचा पैसा पोराच्या नावानं मंजूर होतो. तुम्ही मागत नाही, तो मागतोय. तुम्ही फक्त सही करताय." ती बराच वेळ दाखल्याची घडी घालत राहिली. मग म्हणाली, "सही न्हाई येत, अंगठा चालंल न्हवं?"

दुरुस्तीला चार महिने लागले. तिकडं जाणं कुणालाच परवडणारं नव्हतं. शेवटी तिथल्याच गलाईवाल्यांपैकी एकानं, त्याच गावच्या माणसानं, आमच्याकडून गेलेलं प्रतिज्ञापत्र आणि आधारची प्रत घेऊन नगरपालिकेत चार खेपा घातल्या. म्हणून परगावी गेलेल्यांचं काम आलं की आधी तिथल्या गाववाल्यांचा फोन नंबर शोधा. सरकारी पत्रापेक्षा तो लवकर पोचतो. आणि कुणी नुकतंच गेलं असेल तर 21 दिवसांत नोंद करायला सांगा. त्यानंतर विलंब शुल्क लागतं, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत प्रकरण जातं.

दाखला नीट झाला की पुढचं ओळीनं करा. बाल संगोपन योजनेचा अर्ज महिला व बालविकास खात्याकडं, म्हणजे जिल्हा बाल संरक्षण कक्षात जातो. त्यांची गृहचौकशी होते आणि बालकल्याण समिती आदेश काढते. एका मुलाला महिन्याला 2,250 रुपये, वयाच्या 18 वर्षांपर्यंत. अनाथ मुलंच नव्हे, एकच पालक असलेली, पालक दुर्धर आजारात किंवा तुरुंगात असलेली मुलंही यात बसतात. हे शिक्षकांनाही माहीत नसतं. सोबत मुलाचं आणि आईचं आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, पासबुक आणि घरासमोर उभं राहून मुलाचा-आईचा फोटो. फोटो तुम्हीच काढा, फोटोग्राफर बोलावला की परत गल्ली गोळा होते. पैसे दर महिन्याच्या अमुक तारखेला येतील असं कधीही सांगू नका. कधी चार-पाच महिन्यांचे एकदम येतात, आणि मधल्या काळात तुम्ही खोटे ठरता.

आईसाठी संजय गांधी निराधार योजना, तहसील कार्यालयात. विधवेला महिन्याला 1,500 रुपये. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 21,000, म्हणजे दिवसाला 58 रुपयेसुद्धा नाहीत. शेडवरचा रोज 300 धरला तर 70 दिवसांत ही मर्यादा संपते. ही मर्यादा ठरवणाऱ्याला वर्षभर त्या पैशात घर चालवायला लावावं असं मला वाटतं, पण माझ्या वाटण्यानं नियम बदलत नाही. तुम्ही खोटं लिहू नका. वर्षात खरोखर किती दिवस काम मिळालं ते बाईला महिन्यावार विचारून कागदावर मांडा आणि तो कागद तलाठ्याला दाखवा. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. गावात अजून तलाठीच म्हणतात.) घर दारिद्र्यरेषेखालच्या यादीत असेल आणि कमावतं माणूस 18 ते 59 वयात गेलं असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी 20,000 वेगळे. या दोन्ही अर्जांसाठी एकच फेरी मारा. बाईचा रोज बुडतो.

सगळ्या कागदांचे फोटो, घरच्यांना विचारून, एका ठिकाणी जपून ठेवा. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत आयर्विन पुलाशी 57 फुटांवर गेलं, तेव्हा नदीकाठच्या कित्येक घरांतली रेशनकार्डं आणि दाखले चिखल झाले. आमच्या दुष्काळी भागाला पूर लागत नाही, उंदीर लागतात. मात्र हे फोटो शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकदाही जाता कामा नयेत.

ऊसतोडीचं बोलणं दसऱ्याच्या आधी करायचं. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतले की सगळं ठरलेलं असतं. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि त्या जोडीमागं बारा वर्षांची पोरगी स्वयंपाकाला आणि बाळाला सांभाळायला जाते. तिला आजीजवळ ठेवता येईल का, आजीला रेशन पुरेल का, रात्री सोबतीला कोण, हे प्रश्न सुटले तरच ती राहते. 'शिक्षण महत्त्वाचं आहे' हे भाषण त्यांनी ऐकलेलं आहे. जाणारच असेल तर शिक्षण हमी पत्र, म्हणजे तिकडच्या शाळेला दाखवायचा आपल्या शाळेचा कागद, हातात द्या आणि सांगा की 14 वर्षांपर्यंतच्या मुलाला शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून कुठलीही सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. बीडकडून आपल्या कारखान्यांवर येणाऱ्या पोरांनाही हेच लागू आहे. त्यांच्या कोपीपर्यंत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीपर्यंत, जाणं आपलंच काम.

दोन बाबतींत मात्र चहा, म्हैस, गप्पा काही नाही. मुलीचं लग्न ठरलंय असं कळलं आणि ती 18 ची नाही, तर समजूत घालत दिवस घालवू नका. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवकच (आता ग्रामपंचायत अधिकारी) असतो, त्याला कळवा आणि 1098 या चाइल्डलाइनला फोन करा. फोन कुणी केला हे बाहेर येत नाही, तरी गाव ओळखतंच. त्याची तयारी ठेवा. आणि मुलानं किंवा मुलीनं लैंगिक अत्याचाराचं काही सांगितलं तर पोक्सो कायद्यानं कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. मुलाला परत परत विचारू नका, संस्थेत 'आपसात मिटवू' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत, वेळेसह लिहून ठेवा आणि पोलिसांना कळवा.

आठवी संपली की खिचडी थांबते, आणि मोफत शिक्षणाचा कायदाही चौदाव्या वर्षी थांबतो. नववीच्या जून-जुलैत गळती का होते, याचं उत्तर माझ्या मते इथंच आहे. म्हणून आठवीत एनएमएमएस या शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवायचंच. लागली तर बारावीपर्यंत वर्षाला 12,000 मिळतात, पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलं की चालतं.

तो गलाईवाल्याचा मुलगा या परीक्षेत थोडक्यात हुकला. बाल संगोपनचे पहिले पैसे त्याच्या आठवीच्या शेवटी आले, पाच महिन्यांचे एकदम. आईनं आधी दुकानाची उधारी फेडली आणि मग मला सांगायला शाळेत आली, पायात नवी चप्पल नव्हती, जुनीच होती. आता तो दहावीत आहे. बेदाण्याच्या हंगामात शनिवारी अजून खाडा असतो, आईबरोबर शेडवर निवडायला बसतो. गंधकाच्या धुरीच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, एवढं मी त्याच्याकडून आणि शेडमालकाकडून कबूल करून घेतलंय. शनिवारचा तास भूमितीचा असतो. सर सोमवारी डबा खायच्या सुट्टीत त्याला आणि आणखी दोघांना बोलावतात, पुस्तकं मोजायला.