मृत्युपत्राचा टेम्प्लेट वर्ड-एक्सेलमध्ये कसा बसवायचा

आपल्या जळगाव-धुळ्याकडे बऱ्याच वकिलांच्या ऑफिसात मृत्युपत्र अजून असंच बनतं, मागच्या अशीलाची फाइल उघडायची, सेव्ह अ‍ॅज मारायचं आणि नावं बदलत जायचं, मग तिसऱ्या पानावर कुठंतरी जुन्याच माणसाच्या सुनेचं नाव राहून जातं, आणि ते सापडतं तेव्हा दुरुस्त करायला लिहिणारा हयात नसतो. बाहेरदेशी यासाठी हॉटडॉक्ससारखी सॉफ्टवेअरं वापरतात, ती आधी प्रश्न विचारतात आणि उत्तरांवरून मसुदा जुळवतात. छोट्या ऑफिसला तेच काम मेल मर्जवर (एक्सेलच्या यादीतली माहिती वर्डच्या मसुद्यात आपोआप भरणारी सोय) भागतं.

आधी एक्सेल उघडा. पहिल्या ओळीत कॉलमची नावं (नाव, लिंग, जन्मतारीख, गाव, गट नंबर, क्षेत्र, जमिनीचं स्वरूप, वारस, साक्षीदार), खाली एका अशीलाची एक ओळ. काही टाइप करायच्या आधी सगळ्या कॉलमचं फॉरमॅट टेक्स्ट करा, हे फार महत्त्वाचंय, नाहीतर ५ ऑगस्टची जन्मतारीख मर्ज होताना महिना आधी होऊन येते आणि वाचणारा ८ मे वाचतो, क्षेत्राच्या ०.८१ मागंही कधी कधी दशांशाची शेपटी लागते. टायपिंग युनिकोडमध्येच (कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी तशीच दिसते ती पद्धत) करा, जुन्या फॉन्टचे मसुदे आधी कन्व्हर्ट करून घ्या.

आता वर्ड. मेलिंग्ज टॅबमध्ये सिलेक्ट रेसिपियंट्समधून ती एक्सेल फाइल जोडा, मग मसुद्यात जिथं जिथं नाव येतं तिथं इन्सर्ट मर्ज फील्ड. नावाला प्रत्यय चिकटवू नका, ‘यांना’, ‘यांचे’, ‘यांच्याकडे’ असं लिहा म्हणजे कुठलंही नाव बसतं. ‘मृत्युपत्र लिहून ठेवतो ऐसाजे’ मधलं ठेवतो की ठेवते हे रूल्समधल्या इफ-देन-एल्सनं (असं असेल तर हे, नाहीतर ते) लिंगाच्या कॉलमवरून ठरवा, ‘माझा मुलगा / माझी मुलगी’ पण तसंच.

खरी मेहनत जमिनीच्या कॉलमवर घ्या. रावेर-यावलकडं केळीच्या शेतीचा सातबारा एकट्याच्या नावावर असला तरी जमीन वडिलोपार्जित असू शकते, म्हणून जुने फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी) मागवा, खरेदी कुणाची ते बघा आणि मगच कॉलम भरा. स्वकष्टार्जित असेल तर पूर्ण मिळकतीचं कलम यावं, वडिलोपार्जित असेल तर ‘माझ्या अविभक्त हिश्श्यापुरते’ असं, कारण हिंदू वारसा कायदा १९५६ च्या कलम ३० नं सहदायकाला (वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानंच हक्क असलेल्याला) आपला हिस्साच मृत्युपत्रानं देता येतो आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीपण सहदायक आहेत. ही अट टेम्प्लेटमध्येच बसवली की ज्युनिअर कितीही घाईत असला तरी सुटत नाही. ‘याशिवाय माझी जी काही मिळकत निघेल ती...’ हे कलम कायम ठेवा.

मुस्लिम अशीलासाठी टेम्प्लेट वेगळाच करा, तिथं वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशच देता येतं. नंदुरबारकडच्या आदिवासी अशीलांसाठीपण वेगळा, १९५६ चा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू नाही. ट्रस्टची फाइलपण निराळी, हयातीतच जमीन खासगी ट्रस्टमध्ये टाकायची तर १८८२ च्या भारतीय ट्रस्ट कायद्यानं लेखी, नोंदणीकृत दस्त लागतो.

सगळं भरलं की फिनिश अँड मर्जमधून एडिट इंडिव्हिज्युअल डॉक्युमेंट्स घ्या, थेट प्रिंटला देऊ नका. गट नंबर आणि क्षेत्र सातबाऱ्याशी बोट ठेवून ताडा, आणि अशील अहिराणी बोलणारा असेल तर त्याला प्रत्येक कलम अहिराणीत समजावून सांगा, मान डोलावली म्हणजे कळलं असं धरू नका.

सही कागदावर, पेननं. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मृत्युपत्राला लागू नाही, त्यामुळं ई-साइन चालत नाही. हिंदू अशीलाच्या मृत्युपत्राला भारतीय वारसा कायदा १९२५ च्या कलम ६३ प्रमाणं किमान दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला मिळकत मिळणारे त्याला साक्षीदार घेऊ नका. मृत्युपत्राला स्टॅम्प ड्युटी नाही आणि नोंदणी सक्तीची नाही, पण भावाभावांत आधीच कुरबुर असेल तर अशीलाला सब-रजिस्ट्रारकडं नेऊन नोंदणी करूनच टाका.