यझदचे कागद उघडण्याआधी

वही, पेन्सिल, चार्जर सांगत बसत नाही. काजार घराण्याच्या काळातल्या इराणमधल्या यझद-केरमान शहरांच्या झरथुष्ट्र्यांवर काम करायचं तर आधी गुजराती वाचता यायला हवी. हो, गुजराती. १८५४ साली मुंबईच्या पारशांनी माणेकजी लिमजी हातरियांना इराणला धाडलं; त्यांचा अहवाल गुजरातीत छापलाय. जुनी पारशी गुजराती; दुकानांच्या पाट्या वाचण्यापुरती येत असेल तर पुरत नाही.

मग सन. इथे माझं नाक कापलं गेलंय, म्हणून नीट ऐका. झरथुष्ट्र्यांचा जिझिया माफ करणारं काजार बादशहा नासिरुद्दीन शाहचं फर्मान हिजरी १२९९ च्या रमजानातलं. मी ६२२ मिळवले आणि व्याख्यानात फळ्यावर झोकात १९२१ लिहिलं. मागून एका आजोबांनी हात वर केला, "अहो, पण शाहचा खून १८९६ ला झाला ना?" मी पाणी प्यायलो. मग आणखी थोडं प्यायलो. हिजरी वर्ष चांद्र, आपल्यापेक्षा दहा-अकरा दिवसांनी तोकडं. शतकानुशतकं ते साठत जातं. खरं साल १८८२.

तेव्हा आकडा दिसला की आधी विचारा, सन कुठला? चांद्र हिजरी? १९२५ नंतरच्या इराणी कागदांवरचा सौर हिजरी? तिथे ६२१-६२२ मिळवून भागतं. की इ.स. ६३२ पासून मोजलेला झरथुष्ट्र्यांचा यझदगर्दी? पारशांत पुन्हा त्याच्या दोन गणना, शहेनशाही आणि कदमी, महिन्याचा फरक. मूळ आकडा जसाच्या तसा उतरवा, शेजारी सन लिहा, रूपांतर वेगळ्या रकान्यात. 'घरी जाऊन लिहीन' म्हणाल तर लिहिणार नाही. मीही तेच म्हणालो होतो.

'गबर' ही त्यांना दिलेली शिवी. अवतरणात ठेवा, स्वतःच्या वाक्यात नको.

जिझिया गेला म्हणजे जाच संपला असं मात्र ठोकून देऊ नका. फर्मान निघालं तेहरानात. १८८८ मध्ये इंग्रज अभ्यासक एडवर्ड ब्राऊन यझदला पोचला तेव्हाही तिथल्या झरथुष्ट्र्यांना मळकट पिवळेच कपडे घालावे लागत होते. आणि उलट, काजारांचे नियम उचलून हजार वर्षांवर पसरू नका.

शिकस्ता, म्हणजे फारसीची घसरती हस्तलिपी, वाचणारा माणूस आधीच गाठून ठेवा. फोटोंची परवानगी. दोन प्रती.

सन लिहिला?