नवं स्वयंपाकघर: आधी सामान मोजा, रंग मागाहून ठरवा

स्वयंपाकघराचं काम शटरच्या, म्हणजे कपाटांच्या दारांच्या, रंगापासून सुरू केलं, की सगळ्यात मोठं पातेलं कुठल्याच ड्रॉवरमध्ये बसत नाही हे काम संपल्यावर कळतं. म्हणून आधी टेप हातात घ्या. घरातली भांडी, डबे, मिक्सर, सगळं जमिनीवर मांडून तीन ढीग करा: रोज लागणारं, आठवड्यातून एकदा लागणारं आणि क्वचित कधी लागणारं. प्रत्येक ढिगातल्या सर्वांत उंच आणि सर्वांत रुंद वस्तूचं माप लिहून ठेवा. ड्रॉवरची मापं या यादीवरून ठरवायची, कॅटलॉगवरून नाही.

रोजच्या वस्तू मांडीपासून खांद्यापर्यंतच्या उंचीत, आठवड्याच्या त्याच्या खाली-वर आणि क्वचितच्या थेट माळ्यावर. जड वस्तू मात्र कधीही डोक्याच्या वर नको, मग ती वर्षातून एकदाच लागत असली तरी.

ओट्याखाली शक्य तिथे फळ्यांऐवजी ड्रॉवर घ्या. ओटा साधारण ६० सेंटिमीटर खोल असतो. फळीवर मागे गेलेली वस्तू काढायला गुडघे टेकावे लागतात आणि मग ती वापरणंच बंद होतं. तीन ड्रॉवरची उतरंड बहुतेक घरांना पुरते: वर चमचे-सुऱ्यांसाठी आत १० सेंटिमीटर उंची, मधे ताटल्या आणि लहान डब्यांसाठी २०, खाली मोठ्या भांड्यांसाठी ३०. ही आतली मोकळी उंची आहे. बाहेरून दिसणारी पट्टी त्याहून काही सेंटिमीटर मोठी असते. सुताराला माप देताना हाच गोंधळ होतो, म्हणून कागदावर ‘आतलं माप’ असं स्पष्ट लिहा.

चॅनेल, म्हणजे ड्रॉवर ज्यांवर सरकतो त्या धातूच्या पट्ट्या, पूर्ण उघडणारे घ्या. अर्धवट उघडणाऱ्या चॅनेलमध्ये मागचा भाग कायम अंधारात राहतो. ताटल्यांची चळत असलेल्या ड्रॉवरला ४० ते ५० किलो वजन पेलणारा चॅनेल हवा, चमच्यांना हलका चालतो. रुंद ड्रॉवरचा तळ पातळ असेल तर तो काही महिन्यांत मधोमध वाकतो आणि ड्रॉवर अडकू लागतो. ९० सेंटिमीटर रुंदीला तळाची फळी निदान १२ मिलिमीटरची ठेवा. कपाटातल्या साध्या फळ्यांचंही तेच. १८ मिलिमीटरची फळी ८०-९० सेंटिमीटरपेक्षा लांब असेल तर मधे आधार द्या.

सर्वांत जास्त चुका कोपऱ्यात होतात. काटकोनात भेटणाऱ्या दोन ड्रॉवरच्या मुठी एकमेकींवर आपटतात, तर भिंतीला चिकटलेला ड्रॉवर दाराच्या चौकटीत अडकतो. दोन्ही ठिकाणी ५ सेंटिमीटरची बंद पट्टी सोडली की प्रश्न मिटतो. ही पट्टी नकाशावरच दाखवलेली असावी.

सिंकखालच्या कपाटाला पाण्यात टिकणारं प्लायवूडच लावा. तिथे फळी फुगते ती बहुधा पाइपसाठी पाडलेल्या भोकापासून, कारण कापलेली कड उघडी राहते आणि पाणी शोषते. भोकांच्या कडा सिलिकॉनने बंद करून घ्या.

वरची कपाटं ३० ते ३५ सेंटिमीटर खोल पुरेत, ओट्यापासून ४५ ते ६० सेंटिमीटर वर. घरातल्या सर्वांत बुटक्या माणसाचा हात निदान पहिल्या फळीपर्यंत पोचतो ना, हे उभं राहून पाहा.

आता रंग. जे बदलणं अवघड, ते आधी ठरवा: फरशी आणि ओट्याचा दगड, मग शटर, शेवटी भिंत. भिंतीचा रंग हव्या त्या छटेत मिळतो आणि सहज बदलता येतो. दगडाचं तसं नाही. भिंत आधी रंगवून मग तिला जुळणारा दगड शोधणं म्हणजे उलटा खटाटोप.

हातभर रुंद शटरचा अंदाज बोटाएवढ्या तुकड्यावरून येत नाही. निदान वहीच्या पानाएवढा नमुना मागा. शटरचा नमुना उभा धरा, ओट्याचा आडवा ठेवा, कारण दोन्हींवर उजेड वेगळ्या कोनातून पडतो. सकाळी, दुपारी आणि रात्री घरातलाच दिवा लावून पाहा. दुकानात जुळलेले दोन पांढरे घरी वेगळे दिसू शकतात, एक पिवळट आणि एक निळसर. त्यामुळे दिवे आधी ठरवा. दिव्याच्या उजेडाची छटा केल्विनमध्ये सांगतात: ३००० केल्विनला उजेड पिवळसर, ४००० ला बराचसा पांढरा.

डागांचं गणित रंगाइतकंच चकाकीवरही आहे. गडद चकचकीत शटरवर बोटांचे ठसे उठतात, गडद मॅटवर तेलकट हात लागला की ठिपका राहतो. काळ्या ओट्यावर जड पाण्याचे पांढरे डाग पडतात. शेगडीजवळचं शुभ्र शटर कालांतराने पिवळट दिसू लागतं. मधल्या छटेचा, किंचित पोत असलेला पृष्ठभाग सर्वांत कमी त्रास देतो; शुभ्र रंग आवडतच असेल तर तो वरच्या कपाटांना द्या. शेगडीमागच्या टाइल्सच्या सांध्यांत पांढरं सिमेंट नको, राखाडी एपॉक्सी भरा. ते तेल शोषत नाही.

शटरवर लाकडी रेषांचं लॅमिनेट (प्लायवूडवर चिकटवायची पातळ शीट) असेल तर रेषा उभ्या की आडव्या, हे कापण्याआधी सांगा. रेषा जुळवायला शीट जास्त लागतात. आणि सगळ्या शीट एकाच लॉटमधल्या घ्या, एक जास्तीची धरून. पुढे एखादं शटर बदलावं लागलं तर त्याच नंबरच्या नव्या लॉटची छटा थोडी वेगळी येऊ शकते.