बेस गिटार: सूर वाजवता येतो, थांबवता येतो का?

बेस शिकायला येणाऱ्या बहुतेकांना पहिल्याच दिवशी स्लॅप, म्हणजे अंगठ्याने तार आपटून वाजवणं, करायचा असतो. मी त्यांना आधी ‘ए’ची मोकळी तार वाजवायला लावते. मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवायचा. एक मात्रा सूर, एक मात्रा शांतता. शांतता बरोब्बर दुसऱ्या ठोक्यावर सुरू व्हायला हवी, अलीकडे नाही आणि पलीकडे नाही. खर्जाची तार बराच वेळ घुमत राहते. तिला वेळेवर गप्प केलं नाही, तर ड्रमर लयीला कितीही पक्का असो, गाणं चिखलात रुतल्यासारखं चालतं.

तार थांबवण्यासाठी डाव्या हाताची दोन-तीन बोटं तिच्यावर अलगद आडवी टेकवा. एकच बोट टेकवलं आणि ते नेमकं पाचव्या, सातव्या किंवा बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) पडलं, तर तार गप्प होण्याऐवजी किणकिणता हार्मोनिक, म्हणजे बारीक उंच सूर, वाजतो. दाबलेला सूर थांबवताना बोट उचलू नका, नुसता दाब सोडा. बोट तारेला चिकटलेलंच राहू द्या.

उजव्या हाताला हेच काम जवळजवळ आपोआप करता येतं. ‘ए’ची तार छेडल्यावर बोट हवेत न जाता वरच्या ‘ई’च्या तारेवर येऊन टेकलं पाहिजे. ‘डी’ आणि ‘जी’ वाजवताना अंगठा पिकअपवरून (तारांखालच्या आवाज टिपणाऱ्या पट्टीवरून) उचलून ‘ई’वर ठेवा, म्हणजे सगळ्यात जाड तार उगाच गुणगुणत नाही. तर्जनी आणि मधलं बोट आलटून पालटून चालवा. वरच्या, म्हणजे जाड तारेवर जाताना मात्र एकच बोट दोन्ही तारांवरून ओढून घेतलं तरी चालतं. उलट तेच सोपं पडतं.

डाव्या हाताबाबत माझं मत जरा ठाम आहे. ‘प्रत्येक फ्रेटला एक बोट’ हा नियम सुरुवातीच्या फ्रेट्सवर पाळू नका. नेहमीच्या, ३४ इंच लांब तारांच्या बेसवर पहिल्यापासून चौथ्या फ्रेटपर्यंत पाच इंचांहून जास्त ताण पडतो. पाचव्या फ्रेटच्या अलीकडे तीन फ्रेट्ससाठी तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी वापरा. अनामिकेने करंगळीला आधार द्यायचा. चौथा फ्रेट हवा असेल तर हातच सरकवा. बोट फ्रेटच्या पट्टीला लागून, किंचित अलीकडे ठेवलं की कमी जोरात स्वच्छ सूर निघतो. मनगट दुखू लागलं की थांबा, दुखणं अंगावर काढून वाजवू नका.

एवढं बसलं की शैलींकडे वळा. बेसवादक जेम्स जेमरसनने मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य रेकॉर्ड्स उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने वाजवल्या. त्याच्या ओळींमधल्या घोस्ट नोट्स, म्हणजे नुसता ‘ठक्’ करणारे गप्प केलेले सूर, कान देऊन ऐका. बेसवादक कॅरोल के पिकने (तार छेडायच्या छोट्या पातीने) वाजवायची, त्यामुळे प्रत्येक सुराला धार येते. स्लॅप रुजवला बेसवादक लॅरी ग्रॅहमने. आईबरोबर वाजवताना ड्रमर नव्हता, म्हणून अंगठ्याचा ठोका किक ड्रमच्या (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमच्या) जागी आणि तार ओढून सोडणं स्नेअरच्या (कडक आवाजाच्या छोट्या ड्रमच्या) जागी. हे लक्षात ठेवलं की स्लॅप कसरत न राहता ठेका होतो. अंगठ्याच्या सांध्याचं हाड शेवटच्या फ्रेटजवळ तारेवर आपटायचं आणि लगेच उडू द्यायचं. जोर दंडातून नको, मनगट फिरवून.

वॉकिंग बेसला, म्हणजे एका कॉर्डवरून (सुरांच्या जुळणीवरून) दुसरीकडे चालत जाणाऱ्या ओळीला, दर मात्रेला एक सूर लागतो. ‘सी’वरून ‘एफ’वर जायचं असेल तर सी, ई, जी, जी फ्लॅट वाजवा आणि पुढच्या समेवर ‘एफ’वर उतरा. पहिल्या मात्रेवर कॉर्डचा मूळ सूर, चौथीवर पुढच्या कॉर्डकडे नेणारा; मधलं तुमच्यावर.

मग मेट्रोनोम ४० वर आणा आणि त्याचे ठोके दुसरी व चौथी मात्रा समजून वाजवा. लय ८० ची होईल. पहिली मात्रा आता तुम्हालाच धरायची आहे. फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐकताना सूर कुठे सुरू होतात यापेक्षा कुठे संपतात तेच तपासा. फोनचा स्पीकर खर्ज गिळतो, त्यामुळे ऐकायला हेडफोन लावा.