वायरमनच्या परीक्षेचं गणित: सूत्र बरोबर, उत्तर चूक

ओहमचा नियम बहुतेकांना तोंडपाठ असतो. मार्क जातात ते एककांत आणि कुठली किंमत कुठे घालायची यात. म्हणून गणित हाती घेतलं की दिलेल्या किमती एकाखाली एक लिहा आणि तिथेच किलोवॅटचे वॅट, मिनिटांचे तास करून टाका. ४५ मिनिटं म्हणजे ०.७५ तास, ०.४५ नव्हे. २ किलोवॅटचा गिझर रोज ४५ मिनिटं, ३० दिवस चालला तर २ × ०.७५ × ३० = ४५ युनिट (एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, म्हणून इथे मात्र किलोवॅटच ठेवायचे).

आता हाच २३० व्होल्टचा गिझर लाइनला २०० व्होल्ट असताना किती वॅट घेईल? घाईत २००० ÷ २३० = ८.७ अँपिअर काढतात, २०० ने गुणतात आणि १७४० लिहून मोकळे होतात. पण व्होल्टेज उतरलं की करंटही उतरतो. कायम राहतो तो कॉइलचा रेझिस्टन्स, तोच आधी काढायचा: व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट, ५२९०० ÷ २००० = २६.४५ ओहम. मग ४०००० ÷ २६.४५ = सुमारे १५१२ वॅट.

मोटरवर दिलेली हॉर्सपॉवर शाफ्टवरची, म्हणजे आउटपुट. ५ एचपी, ४१५ व्होल्ट, थ्री फेज, एफिशियन्सी ८५ टक्के, पॉवर फॅक्टर ०.८ घ्या. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, म्हणून ५ × ७४६ = ३७३० वॅट; त्याला ०.८५ ने भागा, इनपुट ४३८८ वॅट. त्याला १.७३२ (थ्री फेजसाठीचं ३ चं वर्गमूळ) × ४१५ × ०.८ ने, म्हणजे ५७५ ने भागा: ७.६ अँपिअर. एफिशियन्सी विसरलात तर ६.५ येतात, आणि पर्यायांत तो आकडा बहुधा ठेवलेलाच असतो! ताळ्यासाठी मिस्त्री लोकांचा हिशोब चांगला: थ्री फेजला दर एचपीला साधारण दीड अँपिअर.

व्होल्टेज ड्रॉपमध्ये, म्हणजे वायरमध्येच खर्ची पडणाऱ्या व्होल्टेजच्या गणितात, सिंगल फेजला अंतर दुप्पट धरा; करंट फेजने जातो, न्यूट्रलने परत येतो. पंप ३० मीटरवर, तांब्याची वायर २.५ चौरस मिमी, करंट १० अँपिअर: ०.०१७२ (तांब्याची रेझिस्टिव्हिटी) × ६० ÷ २.५ = ०.४१३ ओहम, ड्रॉप ४.१ व्होल्ट.

स्लिप, म्हणजे मोटर सिंक्रोनस स्पीडपेक्षा (आतल्या फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या वेगापेक्षा) किती टक्के मागे राहते ते, काढताना भागायचं सिंक्रोनस स्पीडने. ४ पोल, ५० हर्ट्झला १२० × ५० ÷ ४ = मिनिटाला १५०० फेरे; मोटर १४४० ने फिरत असेल तर ६० ÷ १५००, म्हणजे ४ टक्के. १४४० ने भागलं तर ४.१७ येतं.