पंगतीचे चौरंग: पाच शीटमध्ये ४८ पानं

बडोद्यात गणेशोत्सवाच्या महाप्रसादाला पंगत बसवायची असेल, तर डिझाइनच्या विद्यार्थ्यांनी सुटे होणारे लांब चौरंग करावेत. पान जमिनीवरून थोडं वर आलं की वाकावं लागत नाही आणि चौरंग उत्सवानंतर एकावर एक रचून ठेवता येतात.

लाकूड कापण्याआधी पुठ्ठा कापा. त्यावर चार जणांना मांडी घालून बसवा, पत्रावळ, द्रोण, पेला मांडा. माणशी ६० सेंमी लागतात. ५० मध्ये कोपर कोपराला लागतं.

१९ मिमी, ओलावा सोसणारा प्लाय घ्या. ८ × ४ फुटी शीटच्या लांबीत तीन पट्ट्या, प्रत्येकी ४० सेंमी रुंद: एका पट्टीवर चार पानं. चार शीटमध्ये १२ चौरंग होतात. पाचव्या शीटमध्ये ३६ × २० सेंमीचे ३६ पाय बसतात, पण करवतीचं पातं जाड असलं तर शेवटची ओळ तोकडी पडते. प्रत्येक चौरंगाला तीन पाय, कारण दोनच दिले तर मध्ये झोळ येतो आणि आमटी पानाबाहेर वाहते. मधला पाय २ मिमी आखूड करा, नाहीतर फरशीच्या उंचवट्यावर चौरंग डुलतो.

खरी मेख खाचेत आहे. पायाच्या दोन्ही बाजूंना ४ × ३ सेंमीच्या लाकडी पट्ट्या वरच्या फळीला खालून फेविकॉल आणि ४५ मिमी स्क्रूने बसवा, ३ सेंमीची बाजू उभी. '१९ मिमी' प्लाय बऱ्याचदा १८ च भरतो, म्हणून माप टेपवर न घेता पायाचाच तुकडा मध्ये धरा आणि १ मिमी सैल सोडा. भाद्रपदाच्या दमट हवेत प्लाय फुगतो. घट्ट खाच मग सुटत नाही. उरलेली सैल जागा पाचरीने भरा.

बडोद्याजवळच्या संखेड्याच्या रंगीत लाखकामाचा मोह होईल, तो टाळा. लाखेच्या पॉलिशवर गरम वाटी टेकली की पांढरा डाग उठतो. वरच्या फळीला पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचे तीन हात द्या, आधी कडांना, कारण हळद तिथूनच आत मुरते. शेवटचा हात पंगतीच्या आठ दिवस आधी. ओल्या हवेत वास लवकर जात नाही आणि तो भाताला लागतो.

मांडताना समोरासमोरच्या ओळींत वाढप्यांसाठी १२० सेंमी सोडा.